बदलापूरचे घोडे आणि वटवाघळांवरचा आळ

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट आमच्या कल्याण-कर्जत पट्ट्यात बहुतेकांना ठाऊक आहे. घाटावरून कल्याणकडे आणि तिथून गुजरातकडे जाणारे मराठी स्वार इथे थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत. घोडे बदलण्याचे गाव म्हणून बदलापूर. ही लोकांनी जपलेली आठवण आहे, दस्तऐवज नव्हे. पण तिच्यामागचा व्यवहार खराच होता. रेल्वे येण्याआधी बोरघाटाच्या पायथ्याचा सगळा कारभार घोडा, बैल आणि तट्टू यांच्या पाठीवर चालत असे. 1854 साली रेल्वे कल्याणला आली, 1856 साली खोपोलीपर्यंत गेली आणि घोडे बदलण्याची गरज संपली.

घोडे मात्र संपले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्या छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या काळात स्टेशनपासून बराकींपर्यंत माणसे आणि सामान नेणारे टांगे होते. माझे नाना त्यांपैकीच एक टांगेवाले. आज टांगे गेले, तरी बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ लागते, आणि नेरळच्या डोक्यावरच्या माथेरानला शेकडो कुटुंबे अजूनही घोड्यांवर जगतात. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढून गेला. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने तिथवर छोटी रेल्वे नेली. तरीही डोंगरावरच्या पायवाटांवर घोड्याला पर्याय मिळाला नाही, कारण मोटारींना तिथे बंदी आहे.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळे आहे. कोरोनाच्या काळापासून वटवाघळांबद्दल लोकांच्या मनात एक भीती बसली आहे. वस्तीजवळच्या जुन्या वडा-पिंपळावर ती लटकलेली दिसली की कोणीतरी झाड तोडण्याची मागणी करतो. त्यात आता आणखी एक प्रश्न विचारला जातो: वटवाघळांमुळे घोड्यांना रोग होतो का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देणारा माणूस एकतर घोडा ओळखत नसतो, नाहीतर वटवाघूळ. मला या प्रश्नाकडे इतिहासातून पाहायचे आहे, कारण घोडा आजारी पडल्यावर दोष कोणाला दिला जातो, याचाही एक इतिहास आहे.

सलोतरी ते पुण्याची प्रयोगशाळा

घोड्याच्या वैद्याला आपल्याकडे ‘सलोतरी’ म्हणत. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन ऋषीच्या नावावरून आला. अश्ववैद्यकाचा मूळ पुरुष म्हणून त्याचे नाव घेतले जाते. संस्कृतातले हे ज्ञान पुढे फारसीत गेले. दख्खनमध्ये बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या आश्रयाने अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्राच्या परंपरेचा फारसी तर्जुमा केला. पुढे ‘फरसनामा’ या नावाची अनेक पुस्तके लिहिली गेली. सआदत यार खान ‘रंगीन’ या उर्दू शायराचा फरसनामा अठराव्या शतकाच्या अखेरचा. घोड्याच्या अंगावरचे भोवरे, चाल, दात, शुभ-अशुभ खुणा, पोटदुखीचे काढे असे सगळे या पुस्तकांत असे. घोड्याचे औषध हा हिंदू-मुसलमानांचा सामाईक वारसा होता. नालबंद, मोतद्दार, सलोतरी यांच्या पिढ्यांनी तो तोंडी जपला.

पण रोग एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, याचे उत्तर जुन्या पुस्तकांत मिळत नव्हते. एक उदाहरण पुरे. घोड्याचा डोळा अचानक लाल होतो, पाणी गळते, काही दिवसांनी बरा होतो आणि पुन्हा तसाच बिघडतो. असे होत होत शेवटी दृष्टी जाते. दुखणे फिरून फिरून येते म्हणून युरोपातल्या लोकांनी ते चंद्राच्या कलांशी जोडले आणि त्याला ‘चांद्र अंधत्व’ म्हटले. दोष आकाशातल्या चंद्रावर गेला! विसाव्या शतकात कळले की या दुखण्यामागे अनेकदा लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू असतो. त्याच्याकडे पुढे येतोच.

इंग्रजांच्या फौजेला घोडा हवा होता आणि घोडा मरत होता. म्हणून 1880 नंतर या विषयाला एकदम गती आली. त्या वर्षी डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने ‘सर्रा’ झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी पाहिला. 1882 साली जर्मनीत लोफलर आणि शुट्झ यांनी ग्लँडर्सचा जिवाणू ओळखला. 1886 साली परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि 1889 च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ निघाली. आज बरेलीजवळच्या इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ हे पुण्यातले. आल्फ्रेड लिंगार्ड तिचा प्रमुख होता आणि सर्रा हा त्याच्या अभ्यासाचा मोठा विषय. घातक जंतूंवरचे काम गजबजलेल्या गावात नको आणि हवाही थंड हवी, म्हणून 1893 साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली गेली.

सर्राबाबत सुरुवातीला पाणी, चारा, उंदीर अशा अनेकांवर संशय होता. 1901 साली लिओनार्ड रॉजर्सने दाखवून दिले की घोड्याला चावणारी मोठी गोमाशी तोंडाला लागलेले रक्त एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. इथे वटवाघळाचा संबंध येतो, पण तो सातासमुद्रापार. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिणारी वटवाघळे आहेत, आणि तिथे सर्राचा हाच परजीवी त्यांच्यात सापडला आहे. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्यांपैकी एकही भारतात नाही. आपल्याकडच्या एका मांसाहारी वटवाघळाला इंग्रजांनी ‘खोटा रक्तपिपासू’ असे नाव देऊन ठेवले, त्यामुळे गैरसमज वाढला. ते किडे, बेडूक, लहान उंदीर खाते. रात्री घोड्याच्या मानेवर येऊन बसणारे वटवाघूळ आपल्या देशात नाही.

ग्लँडर्स: घोड्याकडून घोड्याकडे

घोड्याच्या जिवाणूजन्य रोगांत सर्वांत भयंकर ग्लँडर्स. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणारे फोड, फुप्फुसात जखमा. माणसालाही होतो आणि उपचार नसेल तर बहुधा मरण येते. या रोगासाठी सरकारने 1899 साली ‘ग्लँडर्स अँड फार्सी अॅक्ट’ केला. निरीक्षकाने घोडा ताब्यात घ्यायचा, पशुवैद्याने तपासायचा आणि रोग ठरला की मारायचा. निदानासाठी मॅलीन नावाचे द्रव्य टोचून पाहत. पहिल्या महायुद्धात तर जर्मन हेरांनी शत्रूच्या फौजेकडे निघालेल्या घोड्यांत हा जिवाणू मुद्दाम पसरवण्याचा प्रयत्न केला.

कायदा शास्त्राला धरून होता, हे मान्य करायला हवे. पण ज्याची सगळी पुंजी एका घोड्यात अडकलेली असे, त्याच्या घरची चूल त्या दिवशी विझत असे. टांगेवाल्यांना जंतूशास्त्र येत नव्हते, तरी त्यांच्याजवळ अनुभव होता. नाना टांगा स्टँडवरच्या सार्वजनिक हौदावर आपल्या घोड्याला कधी पाणी पाजत नसत. टांग्याखाली त्यांची स्वतःची बादली टांगलेली असे आणि चंदीचा तोबराही ते कुणाला उसना देत नसत. शेजारचे टांगेवाले त्यांना कंजूष म्हणत. ग्लँडर्सचा जिवाणू आजारी घोड्याच्या नाकातून हौदात आणि तोबऱ्यात उतरतो आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात जातो, हे मी नंतर वाचले.

ग्लँडर्स इतिहासजमा झाला, असे अनेकांना वाटत होते. 2006 साली तो महाराष्ट्रात पुन्हा उगवला. पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांत तो असल्याचे निदान झाले आणि त्यानंतर उत्तरेकडच्या अनेक राज्यांतही सापडला. 1899 चा कायदा जाऊन 2009 साली जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा नवा केंद्रीय कायदा आला, पण उपाय तोच राहिला: रक्त तपासा आणि रोगी घोडा दयामरणाने संपवा. या सगळ्या साखळीत वटवाघूळ कुठेही नाही. या जिवाणूचे खरे घर घोडा, गाढव आणि खेचर हेच आहे. धनुर्वाताचेही तसेच. त्याचे बीजाणू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, खिळा टोचला की आत जातात.

आणि याच घोड्याने माणसाला धनुर्वातातून वाचवले, हेही विसरू नये. 1890 साली बेहरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविष शोधले आणि पुढे जगभर घोड्यांच्या रक्तातून ते तयार होऊ लागले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांपासून सर्पदंशावरची लस बनत आली आहे. पुण्याच्या पूनावाला घराण्याने 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट काढली, तिच्या मुळाशीही शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे आणि त्यांचे रक्तद्रव्य होते. जनावर रोगाचे घर असते आणि औषधाचेही. एकाच बाजूने पाहिले की हिशेब चुकतो.

नदीकाठचा ताप

आता वटवाघळाकडे येतो. घोड्याच्या जिवाणूजन्य रोगात त्याचे नाव खरोखर येते ते ‘पोटोमॅक हॉर्स फीव्हर’ या आजारात. 1979 साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये, पोटोमॅक नदीच्या काठच्या घोड्यांना उन्हाळ्यात जबर ताप, जुलाब आणि खुरांची सूज येऊ लागली. काही मेले, काही कायमचे लंगडे झाले. 1984 साली कारण ठरलेला जिवाणू सापडला. आज त्याला निओरिकेट्सिया रिस्टिसी म्हणतात. त्याचे नातेवाईक जिवाणू गोचिडांतून पसरतात, म्हणून पहिला संशय गोचिडावर गेला. संशोधक वर्षानुवर्षे गोचिडांच्या मागे लागले आणि हाती काही आले नाही.

एक गोष्ट मात्र घोडेवाल्यांना दिसत होती. आजार नदी-ओढ्यांजवळ होतो आणि गरम दिवसांत होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी पाण्यातल्या गोगलगाईंकडे पाहिले आणि तिढा सुटला. हा जिवाणू एका सूक्ष्म चपट्या कृमीच्या पोटात राहतो. कृमीची अंडी पाण्यात पडतात, पिल्ले गोगलगाईत वाढतात, तिथून बाहेर पडून पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांत शिरतात. अळीला पंख फुटतात आणि किडा उडतो. तो किडा रात्री तबेल्याच्या दिव्याकडे झेपावतो, मरून चाऱ्यावर, पाण्यात पडतो आणि घोडा चाऱ्यासकट गिळतो. असे किडे घोड्याला खाऊ घालून आजार होतो, हे 2000 साली प्रयोगाने दाखवले गेले.

मग कृमीची अंडी पाण्यात टाकतो कोण? तेच किडे हवेत पकडून खाणारी वटवाघळे आणि भिंगऱ्या. 2003 नंतर कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियातल्या वटवाघळांच्या आतड्यात हे कृमी सापडले आणि त्यांत हा जिवाणूही. वटवाघळाची विष्ठा पाण्यात पडली की चक्र पुन्हा सुरू होते.

म्हणजे वटवाघूळ घोड्याला चावत नाही, त्याच्यावर बसत नाही, त्याला स्पर्शही करत नाही. वटवाघूळ, पाणी, गोगलगाय, किडा असे हे एक जुने वर्तुळ आहे आणि घोडा त्यात चुकून अडकतो. त्याच्याकडून पुढे हे चक्र चालत नाही. हे कळल्यावर तिथल्या पशुवैद्यांनी घोडेवाल्यांना काय सांगितले? रात्री तबेल्याचे दिवे बंद ठेवा, चारा आणि पाणी झाकून ठेवा, ओढ्याकाठी चारू नका. वटवाघळे मारा, असे कोणी सांगितले नाही. मारून उपयोगही नव्हता, कारण किडा, गोगलगाय आणि भिंगरी तिथेच राहिली असती.

आपल्या पाण्यातला जिवाणू

आपल्या भागाला जवळचा आहे तो लेप्टोस्पायरा. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदी फुगली आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. 2019 च्या जुलैत याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. पुराच्या पाण्यात उंदीर, गुरे, कुत्री यांचे मूत्र मिसळते आणि त्यातला हा जिवाणू माणसाच्या पायाच्या जखमेतून आत शिरतो. घोड्यालाही तो असाच लागतो. गाभण घोडी गाभडते आणि मघाशी सांगितलेले डोळ्यांचे दुखणेही येते.

लेप्टोस्पायरा वटवाघळांतही सापडला आहे: पेरूमध्ये, ऑस्ट्रेलियात, मादागास्करमध्ये. म्हणून वटवाघूळ ‘संभाव्य वाहक’. पण ‘संभाव्य वाहक’ हे शब्द नीट वाचले पाहिजेत. एखाद्या प्राण्याच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर त्याची कधीतरी जंतूशी गाठ पडली होती एवढेच कळते. जंतूच्या जनुकीय द्रव्याचा अंश सापडला, तर जंतू तिथे होता एवढे कळते. जिवंत जंतू मिळाला, तर तो तिथे टिकतो हे कळते. आणि तो जंतू त्या प्राण्याकडून घोड्याकडे खरोखर गेला, हे सिद्ध करणे ही चौथी पायरी. बातमीत या चारही पायऱ्यांना एकच मथळा मिळतो. आपल्या नाल्यांत लेप्टोस्पायराचा प्रमुख वाहक उंदीर आहे आणि उंदीर आपण टाकलेल्या कचऱ्यावर वाढतो. झाडावरच्या वटवाघळाकडे बोट दाखवणे सोपे पडते, कचरा उचलणे अवघड.

धोका मुळीच नाही, असे मी म्हणत नाही. विषाणूंच्या बाबतीत वटवाघूळ आणि घोडा यांचे नाते सिद्ध झालेले आहे. 1994 साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरातल्या एका तबेल्यात डझनाहून अधिक घोडे दगावले आणि त्यांचा प्रशिक्षक व्हिक रेल हाही मरण पावला. फलाहारी वटवाघळांचे मूत्र झाडाखालच्या चाऱ्यावर पडून तो विषाणू घोड्यांत जात होता. 2014 साली फिलिपिन्समध्ये निपाहच्या जातकुळीतल्या विषाणूने घोडे मेले आणि त्यांचे मांस खाणारी, त्यांना हाताळणारी माणसेही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने 2020 च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळे पकडली. त्यांच्यात निपाह असल्याच्या खुणा मिळाल्याचे 2021 साली जाहीर झाले. महाबळेश्वर आणि पाचगणीलाही घोडे आहेत, म्हणून ही माहिती मोलाची. मात्र त्या अभ्यासात एकाही माणसाचा किंवा घोड्याचा आजार नोंदलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाने 2012 साली घोड्यांसाठी हेंड्राची लस आणली आणि चाऱ्याच्या टोपल्या झाडाखालून हलवायला सांगितले. 2018 साली केरळात निपाह आला तेव्हा पहिला संशय एका विहिरीतल्या वटवाघळांवर गेला. ती कीटकभक्षी होती आणि त्यांचे नमुने नकारात्मक आले. विषाणू नंतर त्या भागातल्या फलाहारी वटवाघळांत सापडला. दोन्ही ‘वटवाघळेच’, पण जाती वेगळ्या, आणि सगळा फरक त्यातच.

आळ घेण्याचा इतिहास

साथीत आधी आळ आणि मग पुरावा, हे मुंबई इलाख्याने फार जवळून पाहिले आहे. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. उंदरावरच्या पिसवा हे कारण पॉल-लुई सिमाँ याने 1898 साली कराचीत मांडले आणि लोकांनी ते मानायला आणखी काही वर्षे गेली. तोवर सरकारने माणसांना धरले. घरांत शिरून झडती, सामान जाळणे, बायकांची तपासणी. त्याचा संताप पुण्यात 22 जून 1897 रोजी रँडच्या खुनात फुटला आणि मुंबईत 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या दंगलीत. एका आजारी मुलीची तपासणी करायला आलेल्या पथकाला मोमिनांनी अडवले आणि गोळीबार झाला. विणकरांच्या मागांत प्लेग नव्हता. तो भिंतीच्या बिळांत होता. सव्वाशे वर्षांनी कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जात होती, तेव्हा मला मदनपुरा आठवत होता. ज्यांच्यावर असा आळ येतो त्यांनी तरी दुसऱ्यावर, मग तो मुका जीव का असेना, पुराव्याशिवाय आळ घेऊ नये, असे मला वाटते.

वटवाघळाची कायद्यातली कहाणीही अशीच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना कावळा आणि उंदरांसोबत ‘उपद्रवी’ यादीत घातले, म्हणजे कोणीही मारावे. फळबागांचे नुकसान हे कारण. मोहाच्या फुलांचे परागीभवन हीच वटवाघळे करतात आणि वड, उंबराच्या बिया दूरवर नेऊन टाकतात, हे त्या यादीत कुठे मोजलेच नव्हते. माथेरानच्या उतारावरच्या ठाकर आणि कातकरी पाड्यांना मोहाचे मोल सांगायला नको. खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतले दुर्मीळ रॉटनचे वटवाघूळ 1913 साली शास्त्राला कळले आणि त्याला मात्र सर्वोच्च संरक्षण मिळाले. उपद्रवींची ती यादी 2022 च्या दुरुस्तीने गेली, म्हणजे पन्नास वर्षांनी.

नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिजने आपल्या प्राण्यांवरच्या ग्रंथात वटवाघळावर पानेच्या पाने लिहिली. पिसे नसताना उडणारा आणि पिलांना दूध पाजणारा हा जीव त्याला निसर्गाचे नवल वाटला. आपल्या हदीसपरंपरेतही आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी शिकवण आहे. पाहणे आणि खबरदारी, दोन्ही गोष्टी जुन्या आहेत. त्यांच्यामध्ये भीतीला जागा देण्याचे कारण नाही.

मग माथेरानच्या घोडेवाल्याने करायचे काय? त्याच्या हातातल्या गोष्टी थोड्या आहेत, पण कामाच्या आहेत. प्रत्येक घोड्याची बादली आणि तोबरा वेगळा. रात्री तबेल्यात उगाच दिवा नको. चाऱ्याची जागा फळ धरलेल्या झाडाखाली नको. पावसाळ्यात डबक्यात तोंड घालू देऊ नये, आणि धान्याच्या कोठीत उंदीर शिरू नये. नवा घोडा बाजारातून आणला की काही दिवस बाजूला बांधावा. डोळा लाल झाला किंवा नाकातून स्राव आला, तर लपवू नये.

लपवू नये, हे म्हणणे सोपे. रोगी ठरलेला घोडा गेला तर कर्जाचा हप्ता कोण भरणार, ही भीती 1899 साली होती आणि आजही आहे. म्हणून पशुसंवर्धन खात्याने माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर इथल्या प्रत्येक घोड्याचे रक्त दरवर्षी तपासावे, निकाल घोडेवाल्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावा आणि मारल्या गेलेल्या घोड्याची भरपाई महिनाभरात हातात द्यावी. तसे झाले तर रोग लपणार नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिकांनीही वटवाघळे बसलेले झाड तोडण्याच्या अर्जावर सही करण्याआधी एकदा त्या झाडाखालच्या उकिरड्याकडे आणि तुंबलेल्या गटाराकडे पाहावे. लेप्टोस्पायरा बहुधा तिथेच भेटेल.